पातेल्यात ताक ठेवू नये

माझं एक ठाम मत आहे. संगणकाचे पडदे घडवणाऱ्या मंडळींना नोकरीवर घेताना त्या जावा-बिवाबद्दल काहीएक विचारू नये. समोर कोरा कागद ठेवावा आणि सांगावं, "चहा कसा करता ते लिहा." जो उमेदवार पाणी किती, साखर किती, पूड घातल्यावर झाकण किती वेळ ठेवायचं हे लिहील आणि खाली 'आलं घातलं असेल तर आधी चांगलं उकळावं, नाहीतर दूध फाटतं' अशी एक ओळ जोडील, त्याला जागच्या जागी नेमणूकपत्र द्यावं. जो 'सगळं अंदाजाने' एवढंच लिहून उठेल त्याला चहा पाजून निरोप द्यावा. चहा अर्थात पहिल्याच्या हातचा.

या परीक्षेत आमचे भाचे साफ आपटतील. भाचे हिंजवडीत असतात. म्हणजे राहतात कोथरूडला, नोकरी हिंजवडीत, आणि बहुतेक आयुष्य या दोहोंच्या मध्ये. बँकांचे, विम्याचे, आणखी कसले कसले फॉर्म पडद्यावर आणायचे हे त्यांचं काम. पण अख्खा फॉर्म ते बनवत नाहीत, सुटे भाग बनवतात. दाबायचं बटन, नाव लिहायची चौकट, तारीख निवडायचं कॅलेंडर, चुकलं की लाल अक्षरांत आपल्यावर खेकसणारी ती ओळ. भाग एकदा तयार झाला की तो दहा फॉर्मांत बसवायचा. याला ते 'कंपोनंट' म्हणतात. "मामा, आम्ही विटा पाडतो. भिंती काय, कुणीही बांधतं," असं एकदा श्रीखंड चाटताना त्यांनी मला सांगितलं होतं.

कल्पना उत्तम आहे. माझं भांडण विटेशी नाहीच. विटेबरोबर चिठ्ठी येत नाही, याच्याशी आहे. ही कुठे लावावी, कुठे मुळीच लावू नये आणि हिचा हा कोपरा असा का तासला आहे, हे चार ओळींत लिहून ठेवा म्हटलं, की ही मंडळी चेहरा असा करतात जणू मी त्यांना दासबोध उतरवून काढायला सांगितला.

"कोड हेच डॉक्युमेंटेशन असतं, मामा."

म्हणजे काय, तर आमटी समोर आहे, चाखा आणि ओळखा! अहो, चाखून आमटीत गूळ आहे हे कळेल. चिंच का नाही, हे कसं कळणार? घरात कुणाला तरी चिंच बाधते म्हणून ती वर्ज्य आहे, हे आमटी कुठल्या तोंडाने सांगेल? कोड काय करतो ते कोडमध्ये दिसतं. तो दुसरं काही का करत नाही हे मात्र करणाऱ्याच्या डोक्यात असतं, आणि करणारा दिवाळीचा बोनस घेऊन दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. डोकं बरोबर घेऊन.

कोकणात आमच्या गावी देवळात गावकीची भांडी असत. हंडे, पातेली, पराती, झारे. ज्याच्या घरी कार्य त्याने न्यायची, घासूनपुसून परत आणायची. आता अशा वेळी लोकांचं लक्ष भांड्यांकडे जातं. माझ्या मते त्या कोठीतली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे खुंटीला टांगलेली वही. कुठलं पातेलं किती पानांच्या भाताचं, कुठल्या हंड्याचा कान हलतो, आणि एका मोठ्या पितळी पातेल्यापुढे ठळक अक्षरांत: 'कल्हई गेली आहे, ताक ठेवू नये.' ती ओळ नसती तर पातेल्याकडे बघून कुणाला काय कळलं असतं? लग्न लागलं असतं, जेवणं झाली असती, आणि रात्री निम्मा गाव पोट धरून बसला असता.

नुसती भांडी कोठीत आणून टाकली म्हणजे गावकी होत नाही. पण आमच्या भाच्यांच्या कंपनीत 'आम्ही शेअर केलंय' याचा अर्थ तेवढाच असतो. एका सामायिक कपाटात भाग टाकून द्यायचे. 'बटन', 'बटन नवं', 'बटन नवं शेवटचं', 'बटन शेवटचं हे वापरा'. शेवटचं कोणतं, हे विचारायला ज्याच्याकडे जावं तो रजेवर. मग नवा माणूस काय करतो? तो आपलं स्वतःचं बटन बनवतो आणि तेही त्याच कपाटात टाकतो.

'लिहायला वेळ कुणाला आहे' असं विचारणाऱ्यांसाठी माझ्याकडे विलायतेचं उदाहरण आहे. (पुण्यात विलायतेचं उदाहरण दिलं की निम्मा वाद तिथेच जिंकतो.) ब्रिटिश सरकारने जून २०१८मध्ये आपल्या फॉर्मांचे सुटे भाग 'गव्ह डॉट यूके डिझाइन सिस्टिम' या नावाने सगळ्यांसमोर मांडले. भाग दिसतो कसा, त्याचा कोड काय, आणि त्याबरोबर 'केव्हा वापरावा', 'केव्हा वापरू नये'. हीच ती खुंटीवरची वही. नवा भाग कोठीत आणायचा असेल तर आधी विचारतात, हा लोकांच्या उपयोगाचा आहे का, आणि आहेत त्यांच्यापेक्षा वेगळा आहे का. चर्चा उघड्यावर होते, कुणीही वाचावी.

त्या वहीत जन्मतारखेबद्दल लिहिलं आहे ते वाचून माझे तर डोळे पाणावले. जी तारीख माणसाला पाठ असते ती विचारायला दिवस, महिना, वर्ष अशा तीन साध्या चौकटी द्याव्यात. त्याने टाइप करावी. कॅलेंडर कशासाठी, तर जवळपासची तारीख, वार बघून निवडायला. एवढंच! पण हे एवढंच माहीत नसल्यामुळे माझ्यावर जो प्रसंग आला तो ऐका. माझा जन्म १९५४चा. एका बँकेच्या फॉर्मवर जन्मतारखेला हात लावला तर आजच्या महिन्याचं कॅलेंडर उघडलं, आणि मागे जायला एकच बाण. एका दाबाला एक महिना. हिशेब करा, आठशेच्या वर दाब होतात. मी निघालो. नोटाबंदी मागे टाकली, त्र्याऐंशीचा वर्ल्ड कप ओलांडला, आणीबाणीत शिरलो, तेवढ्यात पडद्यावर अक्षरं आली, 'आपली वेळ संपली आहे.' या वयात हे वाक्य माणसाला जरा जपून ऐकवावं.

भाच्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "वर्षावर टिचकी मारायची, मामा. मग वर्षांची यादी येते." अरे, पण ते मला कोण सांगणार? आणि मला सांगू नकोस, ज्याने ते कॅलेंडर तिथे चिकटवलं त्याला सांग!

त्याच विलायती मंडळींची आणखी एक गोष्ट. आकडा लिहायची एक तयार चौकट ब्राउझरमध्येच असते. ती २०२०मध्ये त्यांनी सोडली, साधी चौकट घेतली, आणि का सोडली हे जाहीर लिहिलं. चौकटीवर असताना माउसचं चाक फिरलं तर आतला आकडा आपोआप बदलतो. शिवाय बोलून टाइप करणाऱ्यांच्या आणि पडदा वाचून घेणाऱ्या दृष्टिहीनांच्या सॉफ्टवेअरशी तिचं जमत नाही. मी हे मोठ्या ऐटीत भाच्यांना वाचून दाखवलं.

"हो, ते आम्हालाही झालं होतं," भाचे शांतपणे म्हणाले. "लोकांचे आकडे आपोआप बदलायचे. कारण शोधायला तीन दिवस गेले."

"मग लिहून ठेवलंत?"

"कुठे?"

आता बोला! तीन दिवस राबून मिळवलेलं शहाणपण, आणि ठेवायला खुंटी नाही. पुढच्या वर्षी दुसरा कुणी पुन्हा तीन दिवस घालवणार. त्याच्या पगाराचं मला दुःख नाही, कंपनी बघून घेईल. पण त्या तीन दिवसांत ज्याच्या अर्जातल्या दहाचे अकरा झाले त्याचं काय?

इथवर मी हसून बोललो, कारण माझं फक्त बोट दुखलं. काहींचं याहून जास्त दुखतं. फोनवरून बँकेत खातं उघडताना कॅमेऱ्यासमोर 'डोळे मिचकावा' असं सांगणारा एक भाग असतो. समोर जिवंत माणूस आहे, फोटो नाही, एवढं ओळखायला. युक्ती बरी आहे. पण अ‍ॅसिडहल्ल्यात ज्यांच्या पापण्या जळून गेल्या त्यांनी काय मिचकावायचं? ज्यांना दिसतच नाही त्यांनी चेहरा कुठल्या गोलात धरायचा? ही माणसं शेवटी सर्वोच्च न्यायालयात गेली. ३० एप्रिल २०२५ला न्यायालयाने सांगितलं, की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि वर वीस निर्देश दिले. अशा भागाबरोबर 'पापण्या मिटता येत नसतील तर दुसरी वाट ठेवा' एवढी चिठ्ठी असती, आणि बसवणाऱ्याने ती वाचली असती, तर? पातेल्यात ताक ठेवू नये, एवढी ओळ लिहून घ्यायला जळलेल्या चेहऱ्याच्या बाईला दिल्लीचं न्यायालय गाठावं लागलं. यावर मला विनोद सुचत नाही.

भाच्यांच्या बाजूनेही बोलणारे आहेत. ते म्हणतात, सगळ्यांनी एकाच कोठीतले भाग वापरले तर सगळ्या वेबसाइटी एकसारख्या दिसतील, कलाकाराच्या हाताची चव जाईल. एकसारख्या दिसतील हे खरं. ट्विटरमधल्या मार्क ओटो आणि जेकब थॉर्न्टन या दोघांनी कंपनीत जो तो वेगवेगळी अवजारं वापरतो म्हणून एक सामायिक संच बनवला आणि ऑगस्ट २०११मध्ये 'बूटस्ट्रॅप' या नावाने जगाला फुकट देऊन टाकला. मग काही वर्षं निम्मं जग एकाच दुकानातला शालू नेसून हिंडत होतं. पण तो घरोघरी गेला कशामुळे? माझ्या मते प्रत्येक भागाशेजारी 'असा दिसतो, असा लिहावा' हे मांडून ठेवलं होतं म्हणून. आणि दाराची कडी सगळीकडे सारखी असली तर बिघडलं कुठे? कडी शोधायला का आपण दुसऱ्याच्या घरी जातो?

हाताच्या चवीचं म्हणाल, तर तोही वाद आपल्याकडे होऊन गेला आहे. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७०मध्ये निघालं तेव्हाही नाक मुरडणाऱ्या सासवा असतीलच. वाटीने आणि चमच्याने मोजून कुठे स्वयंपाक होतो का! पण सातासमुद्रापलीकडे गेलेल्या मुलींनी बॅगेत सासू घातली नाही, 'रुचिरा' घातलं. ज्या बायकांच्या हाताला चव होती त्यांची ती गेली नाही. ज्यांच्या हाताला नव्हती, त्यांच्या नवऱ्यांची मात्र सोय झाली.

एक मुद्दा भाच्यांचा मला मान्य आहे. लिहिलेलं जुनं होतं. भाग बदलतो, चिठ्ठी तीच राहते. कल्हई केली तरी वहीत 'ताक ठेवू नये' तसंच, आणि त्याहून वाईट म्हणजे कल्हई पुन्हा गेली तरी वहीत 'ठेवण्यास हरकत नाही'. खोटी वही ही नसलेल्या वहीपेक्षा घातक. पण यावर उपाय वही जाळणं हा नव्हे. गावी पातेलं परत घेताना वही उघडल्याशिवाय कोठीचं कुलूप उघडत नसत. भाग बदलणाऱ्याने चिठ्ठी बदलल्याशिवाय त्याचा भाग कोठीत घेऊ नये, झालं.

"पण वाचतो कोण, मामा?" हा भाच्यांचा शेवटचा बाण. रात्री साडेअकराला, उद्या सकाळी फॉर्म सुरू व्हायचा असताना, पंधरा दिवसांपूर्वी लागलेली एखादी मुलगी वाचते. तिचे साहेब झोपलेले असतात आणि ज्याने भाग बनवला त्याचा फोन लागत नसतो.

हे बोलणं मात्र त्यांना लागलं असावं. गणपतीत त्यांनी मला फोनवर एक दुवा पाठवला. 'मामा, सुरू केलं,' असं वर लिहिलेलं. उघडून बघतो तो काय थाट! वर कंपनीचं बोधचिन्ह, डावीकडे अनुक्रमणिका, बटन, चौकट, कॅलेंडर, सूचना, सगळं वर्णानुक्रमे. मी अधीरतेने 'कॅलेंडर'वर बोट ठेवलं. पान उघडलं. पानभर सुरेख फिक्कट निळा रंग, आणि मधोमध दोनच शब्द: 'लवकरच येत आहे.'

दिवाळी गेली, संक्रांत गेली. मी दर आठवड्याला उघडून बघतो. परवा तिथला निळा बदलून हिरवा केलेला दिसला.