गुरुग्राम : सावकाश वाहनांना सलग वाट केव्हा?

गुरुग्राम : मोटारींना मज्जाव करून रस्ता पादचारी व सायकलस्वारांच्या स्वाधीन करणारा 'राहगिरी' उपक्रम देशात सर्वप्रथम 17 नोव्हेंबर 2013 रोजी येथे सुरू झाला. कोलंबियातील बोगोटा शहराच्या 'सिक्लोव्हिया'पासून प्रेरणा घेतलेला हा प्रयोग पुढे दिल्ली, भोपाळसह अनेक शहरांत पोहोचला. मात्र, रविवार सकाळची ही मोकळीक आठवड्याच्या उर्वरित दिवसांत सायकल आणि कमी वेगाच्या विद्युत दुचाकींच्या वाट्याला आलेली नाही.

कायद्याने या वाहनांचे वेगळेपण मान्य केले आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार 250 वॉटपेक्षा कमी शक्तीची व ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेगाची विद्युत दुचाकी, वजनादी अटी पाळल्यास, मोटार वाहन ठरत नाही. तिला नोंदणी वा चालक परवाना लागत नाही. रस्त्यावर मात्र तिला भरधाव मोटारींच्याच रांगेत शिरावे लागते.

अडचण शहराच्या रचनेत आहे. खासगी विकासकांनी उभारलेल्या वसाहतींतील अंतर्गत रस्ते शांत आहेत. पण फाटके आणि कुंपणांमुळे ते एकमेकांना जोडले जात नाहीत. परिणामी, जवळच्या बाजारापर्यंत किंवा मेट्रो स्थानकापर्यंत जाण्यासाठीही रुंद, वेगवान रस्ता गाठावा लागतो. राष्ट्रीय महामार्ग 48 तर शहराला दुभागूनच जातो. त्यातच महामार्ग प्राधिकरण, 2017 मध्ये स्थापन झालेले महानगर विकास प्राधिकरण आणि महापालिका यांच्यात रस्त्यांची जबाबदारी विभागलेली आहे.

केवळ रंगवलेल्या मार्गिकांनी हा प्रश्न सुटत नाही, हे पुण्याच्या अनुभवावरून दिसते. तेथे 2017 मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर झाला. तरीही अनेक मार्गिका तुटक राहिल्या आणि काहींवर वाहने उभी राहू लागली.

गुरुग्रामपुढील व्यवहार्य पर्याय नव्या बांधकामापेक्षा जोडणीचा आहे. वसाहतींच्या कुंपणांतून सायकलपुरती वाट, अंतर्गत रस्त्यांवर ताशी 30 किलोमीटरची वेगमर्यादा आणि मोठ्या रस्त्यांवर उंचवट्याचे सुरक्षित ओलांडमार्ग एवढ्याने सलग जाळे उभे राहू शकते. पादचारी व सायकलस्वार मोटारींसोबत वावरतात तेथे हीच वेगमर्यादा असावी, असे फेब्रुवारी 2020 च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही म्हटले आहे. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनेही पादचारी व बिगरयांत्रिक वाहनांसाठी नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला आहे.

या जाळ्याची खरी गरज हौशी सायकलस्वारांपेक्षा सुरक्षारक्षक, घरकामगार आणि कारखान्यांतील कामगारांना आहे. त्यांच्यासाठी सायकल हा छंद नसून रोजगारापर्यंत पोहोचण्याचे साधन आहे. त्यामुळे 'राहगिरी'चे यश रविवारच्या गर्दीपेक्षा सोमवारी कामावर निघालेला सायकलस्वार किती सुरक्षित आहे, यावरच जोखावे लागेल.