जमेची बाजू, नावेची बाजू

गावात टँकर सुरू झाला की राष्ट्रीय उत्पन्नात भर पडते. विनोद नव्हे, हिशेबाची रीतच तशी आहे. टँकरचे भाडे, बोअर मारणाऱ्याची मजुरी, नवी मोटार, सारे उत्पन्नात धरले जाते. विहीर आटली, हे मात्र कोठेच नोंदले जात नाही. बँकेत उभी हयात खतावण्या जुळवण्यात गेलेल्या माणसाला हे खटकते. आम्ही टेबलखुर्चीलासुद्धा दरसाल घसारा लावत असू.

जुन्या औंध संस्थानातला आटपाडी महाल घ्या. संस्थानाची राजधानी आज साताऱ्यात, आटपाडी सांगलीत. पाऊस तुटपुंजा, म्हणून माणदेशाची श्रीमंती माळावर होती: गवत, मेंढरे, खिल्लार जनावरे. धनगराने शेतात मेंढरे बसवली की त्याला धान्य मिळे, जमिनीला खत. या व्यवहाराला पावती नव्हती. पुढे माळ फुटले, डाळिंब लागले. डाळिंबाचा पैसा हिशेबात आला. गेलेले गवत कोणी वजा केले नाही.

डाळिंबाला मी नावे ठेवत नाही. ऊसतोडीला किंवा गलाईच्या धंद्यासाठी परमुलखी गेलेल्यांच्या घरी पाणी आले, तर त्यांना शहाणपण शिकवणारा मी कोण? कऱ्हाडजवळच्या टेंभूहून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून इकडे आणले, ते योग्यच झाले. पण दुहेरी नोंदीचा नियम इथेही लागतो. आटपाडीच्या जमेला आलेले पाणी कृष्णेच्या नावे पडले पाहिजे. ते वर चढवणारी वीजही.

असे हिशेब ठेवण्याची पद्धत संयुक्त राष्ट्रांनी मार्च २०२१ मध्ये मान्य केली. आपले सांख्यिकी मंत्रालय २०१८ पासून पर्यावरणाचे जमाखर्च प्रसिद्ध करते. त्यात एक भीती वाटते, सगळ्याचे रुपये करण्याच्या घाईची. औंधच्या यमाईच्या डोंगरावरल्या झाडीची रक्कम ठरली, की ती रक्कम मोजून डोंगर मागणारा कोणी तरी येणारच! पाणी मीटरमध्ये मोजावे, गवत हेक्टरांत.

त्यासाठी नवे खाते उघडायला नको. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी मोजतेच. गायरानांच्या नोंदी महसूल दप्तरात असतात. राज्याच्या आर्थिक पाहणीत जिल्ह्याच्या दरडोई उत्पन्नाला लागून हे दोन रकाने छापावेत. उत्पन्न चढते आणि पाणी उतरते असे सलग तीन वर्षे दिसले, तर मुद्दल उचलून व्याज म्हणून खाल्ले जात आहे, हे शाखेतला नवखा कारकूनही ओळखील. मग निदान पुढचे बोअर मंजूर करण्याआधी ग्रामसभेत तो कागद वाचून दाखवता येईल.