हिशेबाची वही : गॅरेजमधली लक्ष्मी

डिसेंबर २०२४मध्ये बिटकॉइनने एक लाख डॉलरचा टप्पा ओलांडला आणि माझा फोन पुन्हा वाजू लागला. पुण्याहून भाचा, मंडळातली दोन-तीन तरुण जोडपी, एक जुने शेजारी. प्रश्न सगळ्यांचा एकच : "तुम्ही घरी ते मायनिंग करत होतात ना? आम्ही सुरू करावं का?"

या सदरात आजवर मृत्युपत्र झालं, एनआरओ खातं झालं, मुलांच्या कॉलेजची बचत झाली. हा विषय मात्र मी चार वर्षं टाळला. कारण यातला हिशेब माझा स्वतःचा आहे आणि तो तोट्याचा आहे.

आधी मायनिंग म्हणजे काय ते थोडक्यात. या चलनांची खातेवही कुठल्या एका बँकेत नसते. जगभरातली यंत्रं ती मिळून लिहितात. वहीचं पुढचं पान जोडण्यासाठी एक आकडा शोधावा लागतो. तो हिकमतीने सापडत नाही, अब्जावधी वेळा चाचपडत बसावं लागतं. ज्याला सापडेल त्याला बक्षीस म्हणून नवी नाणी मिळतात. घरगुती लोक हजारोंच्या संख्येने एकत्र येऊन हे काम करतात आणि बक्षीस वाटून घेतात. थोडक्यात, वीज जाळायची आणि नाणी मिळवायची.

२०२१च्या जानेवारीत ऑफिस घरातच होतं आणि हाताशी वेळ होता. इथेरियमचं मायनिंग तेव्हा व्हिडिओ गेमच्या ग्राफिक्स कार्डांवर चालायचं. ६९९ डॉलर छापील किमतीचं कार्ड त्या टंचाईत दुप्पट भावाने मिळत होतं. मी अशी सहा घेतली, ८,४०० डॉलरची. बाकीचं सामान १,३०० डॉलरचं. मार्चमध्ये गॅरेजात, दुसऱ्या फ्रिजच्या शेजारी, यंत्र सुरू झालं. दिवसाला ३५-४० डॉलर पडू लागले.

सप्टेंबरात मंडळाच्या गणपतीला जेवणाच्या रांगेत मी हे चारचौघांना ऐकवलं. "घरबसल्या रोजचे चाळीस डॉलर!" एका तरुण मित्राने सामानाची यादी मागितली. मी मोठ्या उत्साहाने पाठवली.

४ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं. जमलेली साडेतीन इथर त्या दिवशीच्या भावाने १५ हजार डॉलरच्या आसपास होती. मी यंत्राला हळदकुंकू वाहिलं. बायको म्हणाली, "यातलं थोडं विकून तरी टाका." मी म्हटलं, "लक्ष्मी कुणी विकतं का?"

दोन आठवड्यांनी, रात्री दीडच्या सुमाराला, आमचा बारावीतला मुलगा कॉलेजचे निबंध लिहीत जागा होता. त्याची खोली गॅरेजच्या बरोबर वर. त्याला प्लास्टिक जळल्याचा वास आला. त्याने आम्हाला उठवलं आणि आम्ही तिघं पुढच्या दाराने, अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलो. अंगणातून ९११ला फोन केला. आग लवकर विझली, पण गॅरेजची एक भिंत, छताचा भाग आणि तीन कार्डं गेली. शेजारी ठेवलेला आकाशकंदिलाचा खोकाही गेला.

कारण काय निघालं? काही डॉलरची एक वायर. प्रत्येक कार्ड रायझर नावाच्या छोट्या पट्टीवर बसतं आणि ती पट्टी तिच्या जागेतून ७५ वॅटपर्यंत वीज मागू शकते. पॉवर सप्लायच्या योग्य वायरी कमी पडल्या, म्हणून मी खोक्यात फुकट आलेले साटा अडॅप्टर लावले होते. साटाचा जोड मुळात हार्ड डिस्कसाठी असतो. त्याची बारा व्होल्टवरची क्षमता ५४ वॅट. आठ महिने तो जोड तापत राहिला आणि एका रात्री वितळला.

"मग ब्रेकर का नाही पडला?" हे मीही विचारलं. ब्रेकर पाहतो तो सर्किटमधून एकूण किती प्रवाह जातो ते. माझं यंत्र १,३५० वॅट घेत होतं. इथल्या १२० व्होल्टच्या १५ अँपिअर सर्किटवर तीन तास किंवा त्याहून जास्त वेळ चालणारा भार ८० टक्क्यांच्या आत, म्हणजे १,४४० वॅटच्या आत ठेवायचा असतो. मी त्या आत आहे म्हणून खूश होतो. त्याच सर्किटवर फ्रिज आहे हे सोयीने विसरलो होतो. पण खरी गोष्ट अशी की एखादा जोड आतल्या आत भाजत असला, तर ब्रेकरला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता जे सांगतो ते लिहिताना आजही हात अडखळतो. घर आणि गॅरेज यांच्यामधलं दार आपोआप बंद होणारं होतं. यंत्राची ऊब घरात यावी म्हणून मी त्याला लाकडी पाचर लावून ते उघडं ठेवत असे. फुकटचा हीटर! त्या रात्री पंख्यांच्या घरघरीला कंटाळून बायकोने पाचर काढली आणि दार लावून घेतलं. अग्निशमन दलाच्या माणसाने त्या दाराकडे बोट दाखवलं आणि एवढंच म्हणाला, "हे उघडं असतं तर धूर थेट जिन्यात गेला असता." जिन्याच्या वरच्या टोकाला मुलाची खोली आहे.

विमा कंपनीने पहिल्यांदा विचारलं, "हे यंत्र उत्पन्नासाठी होतं का?" खोटं बोलणं शक्य नव्हतं. भिंतीचे पैसे मिळाले, त्यातून २,५०० डॉलरचं डिडक्टिबल वजा. यंत्राचे काही मिळाले नाहीत.

नंतर एप्रिल आला. अमेरिकेत मायनिंगमधून मिळालेलं प्रत्येक नाणं, ज्या दिवशी हातात पडलं त्या दिवशीच्या भावाने, उत्पन्न धरलं जातं. आयआरएसने हे २०१४मध्येच स्पष्ट केलं आहे. मी एकही नाणं विकलं नव्हतं, तरी माझं उत्पन्न झालं ९,४०० डॉलर, आणि केंद्र व राज्य मिळून कर २,८०० डॉलर. धंदा दाखवला असता तर खर्च वजा करता आला असता, पण १५.३ टक्के स्वयंरोजगार कर लागला असता. मी हौस दाखवली. हौसेला मोल नसतं म्हणतात, इथल्या करखात्यात हौसेला वजावटही नसते.

भाव पुन्हा चढेल म्हणून थांबलो. २०२२च्या जूनमध्ये धीर सुटला आणि साडेअकराशेच्या भावाने विकून ४,००० डॉलर आले. इथे ५,४०० डॉलरचा भांडवली तोटा झाला. तोही पगारातून वर्षाला जास्तीत जास्त ३,०००च वजा होतो, उरलेला पुढच्या वर्षी.

आता वही उघडतो. गेले : यंत्र ९,७००, वीज १,४००, डिडक्टिबल २,५००, कर २,८००. एकूण १६,४०० डॉलर. आले : नाणी ४,०००, उरलेली तीन कार्डं जुन्या बाजारात १,३५०, तोट्यामुळे वाचलेला कर १,३००. एकूण ६,६५०. निव्वळ तोटा ९,७५० डॉलर. भारतातल्या नातेवाइकांसाठी, त्या वेळच्या दराने सुमारे पावणेआठ लाख रुपये.

पण या वहीत न बसणारी एक नोंद आहे, आणि हा लेख खरं तर तिच्यासाठी लिहिला.

आगीनंतर मंडळात सगळ्यांनी चौकशी केली. मी म्हणालो, "शॉर्ट सर्किट झालं, जुनं वायरिंग." मायनिंगचं नाव काढलं नाही. गणपतीत फुशारकी मारलेली, आता कुठल्या तोंडाने सांगणार? पुढच्या वर्षीच्या गणपतीत तो तरुण मित्र भेटला. आठ कार्डं, अकरा हजार डॉलर, क्रेडिट कार्डावर. जानेवारीत सुरू केलेलं. बायकोला सातवा महिना. इथेरियम लवकरच मायनिंग बंद करणार या बातमीने तो धास्तावला होता.

"दादा, तुम्ही कधी बंद केलंत?"

"गेल्या नोव्हेंबरात."

"का?"

मी सांगितलं. तो काही क्षण गप्प राहिला. मग म्हणाला, "दादा, तुमच्याच यादीतल्या वायरी आहेत माझ्याकडे." आरती संपायच्या आत आम्ही दोघं त्याच्या अपार्टमेंटवर गेलो. यंत्र बाहेरच्या खोलीत, शेजारी बाळाच्या पाळण्याचा न उघडलेला खोका. दोन जोड तपकिरी पडले होते. यंत्र बंद केलं, ते पुन्हा लावलं नाही.

१५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमने मायनिंगची पद्धत सोडली आणि कार्डांचे भाव पडले. त्याचं कर्ज फिटायला दीड वर्ष लागलं. तो मला कधी काही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

तेव्हा, विचारणाऱ्यांना उत्तर. इथेरियमचं मायनिंग आता नाही. बिटकॉइनसाठी खास यंत्रं लागतात. त्यातली मोठी एकटीच तीन किलोवॉटच्या वर वीज खातात, २४० व्होल्ट मागतात आणि कारखान्यासारखी कर्कश वाजतात. एप्रिल २०२४पासून बक्षीसही निम्मं, प्रत्येक पानामागे ३.१२५ बिटकॉइन झालं आहे. स्पर्धा आहे ती स्वस्त विजेशेजारी उभ्या केलेल्या गोदामांशी. पुण्याच्या भाच्याला एवढंच सांगतो : तिकडे एप्रिल २०२२पासून नफ्यावर सपाट ३० टक्के कर आहे आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा होत नाही.

तरीही कुणाला करायचंच असेल, तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, विमा कंपनीला लेखी विचारा, मिळालेल्या नाण्यांतून कराचा हिस्सा त्याच आठवड्यात विकून बाजूला ठेवा. झोपायच्या खोलीखाली काही चालवू नका. आणि बायको दार लावून घेत असेल तर लावू द्या.

आपण पॉटलकला नफा सांगतो आणि तोट्याला शॉर्ट सर्किट म्हणतो. परदेशात आपल्याला सल्ला द्यायला काका-मामा जवळ नसतात, मंडळातलाच माणूस असतो. त्याने अर्धी गोष्ट सांगितली की उरलेली अर्धी दुसऱ्याच्या घरात घडते. यंदा लक्ष्मीपूजनाला माझी ही वही टेबलावर असेल. कुणालाही पाहायची असेल तर फराळाला या.