गिरणीच्या छपराखाली शिलाई मशीन

सोलापुरात नवख्या माणसाला पत्ता सांगताना गिरणीचे नाव घेतल्याशिवाय भागत नाही. जुनी मिल कंपाउंड, लक्ष्मी-विष्णू चाळ, एन. जी. मिल, जाम मिल. रिक्षावाल्याला तेच सांगायचे, लग्नपत्रिकेत तेच छापायचे. ज्या मुलांनी गिरणीचा भोंगा कधी ऐकला नाही, तीही मित्राला 'जुनी मिलपाशी ये' म्हणतात. गिरण्यांची चाके थांबून एक पिढी उलटली. पण जी शेड, जी गोदामे, ज्या भिंती अजून उभ्या आहेत, त्यांचे काय करायचे हे या शहराने ठरवलेलेच नाही. तोवर पत्रे उडतात, लोखंड रातोरात गायब होते, भिंतीत पिंपळ रुजतो आणि शेवटी 'धोकादायक इमारत' असा फलक लावून पाडापाडी होते.

या वास्तू किरकोळ नाहीत. १८६० मध्ये रेल्वे सोलापूरला पोचली आणि इथल्या कापसाला, सुताला मुंबईची वाट मोकळी झाली. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात खेड्यापाड्यांतून माणसे पोटासाठी शहरात आली. त्याच काळात, १८७७ मध्ये, मुरारजी गोकुळदासांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग सुरू झाली. तीच आपली जुनी मिल आणि त्यांच्याच नावाची मुरारजी पेठ. पुढे लक्ष्मी, नरसिंग गिरजी (तीच एन. जी. मिल), विष्णू, जाम अशा गिरण्या आल्या. तेलुगू पद्मशाली, कानडी लिंगायत, मुसलमान, दलित, मराठा, ब्रिटिशांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींच्या सेटलमेंटमधल्या तारेच्या कुंपणाआडून कामाला येणारी माणसे, सगळ्यांना एकाच भोंग्याने उठवले. जानेवारी १९३१ मध्ये फासावर गेलेल्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन गिरणी कामगारांचेच पुढारी होते.

आणखी एक गोष्ट इथल्या फार थोड्यांना माहीत असते. ऑगस्ट १९४९ मध्ये जुनी मिल बंद पडली, तेव्हा केंद्र सरकारने जानेवारी १९५० मध्ये खास वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला. त्यावर भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. चिरंजितलाल चौधरी आणि द्वारकादास श्रीनिवास हे ते दोन खटले मूलभूत हक्क शिकताना देशभरातले कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. बंद गिरणीचे काय करायचे, हा प्रश्न प्रजासत्ताकाच्या पहिल्याच वर्षी सोलापूरने देशापुढे ठेवला होता.

आता गिरणीच्या विणकाम खात्याची रचना जरा नीट पाहा. छप्पर करवतीच्या दातांसारखे. प्रत्येक दाताची उभी बाजू काचेची आणि तिचे तोंड उत्तरेला. त्यामुळे दिवसभर उजेड आत येतो, पण ऊन येत नाही. सुताचा तुटलेला धागा डोळ्यांना दिसावा, कापडावर सावली पडू नये, म्हणून ही सोय. अशा कित्येक शेडमध्ये बिडाचे पोकळ खांब असत. ते छपराचे वजन पेलत आणि दोन दातांमधल्या पन्हळीत साचलेले पावसाचे पाणीही खाली उतरवत. जमीन अशी भक्कम की शेकडो साचे एका वेळी धडधडले तरी हलू नये. असे छप्पर, अशी उंची आणि असा उजेड आज नव्याने बांधायला गेलात तर खर्च ऐकून माणूस माघारी फिरेल.

आणि या शहराला नेमक्या अशाच जागेची गरज आहे. सोलापूर म्हटले की बाहेरच्यांना चादर आठवते, पण गेल्या काही वर्षांत इथला शालेय गणवेशांचा आणि तयार कपड्यांचा धंदा वाढला आहे. २०१७ मध्ये इथल्या उत्पादकांनी गणवेशांचे मोठे प्रदर्शन भरवले आणि देशभरचे खरेदीदार बोलावले. पण हा धंदा चालतो कुठे? पूर्व भागातल्या दहा बाय बाराच्या खोलीत. एका कोपऱ्यात गॅस, दुसऱ्या कोपऱ्यात ओव्हरलॉक मशीन, कॉटवर कापलेल्या बाह्यांचे गठ्ठे आणि त्यांच्याच कडेला अभ्यास करणारे पोर. शिवणाऱ्या बाईला मजुरी नगावर मिळते. जागेचे भाडे, विजेचे बिल आणि उन्हाळ्यात पत्र्याखालच्या उकाड्याचा त्रास तिचा तिलाच. पारा ४३-४४ अंशांवर गेला की दुपारी मशीन बंद ठेवावे लागते, आणि बंद मशीनची मजुरी कोणी देत नाही.

म्हणून मी सरळ म्हणतो, उरलेल्या गिरणी शेडची डागडुजी करून तिथे शिलाईचे गाळे काढा. मालकीचे नव्हे, तीन-पाच वर्षांच्या भाडेकराराचे. एकाच छताखाली कटिंगचे टेबल, काजे-बटणाची मशीन, इस्त्री, मालाची तपासणी, पाळणाघर आणि स्वच्छ संडास. ज्याला मोठे मशीन परवडत नाही त्याने तासाच्या भाड्याने वापरावे. ज्या आकर्षक आराखड्यांत मॉल, मल्टिप्लेक्स आणि कारंजी असतात, त्यांची वाट पाहण्यात आपली वर्षे गेली. साधा वापर आधी सुरू होऊ द्या. वापरात असलेली इमारत टिकते, कारण गळती लागली की वापरणाराच आरडाओरडा करतो.

मात्र एका बाबतीत तडजोड नको. मुंबईतल्या कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री लागलेल्या आगीत १४ जण गेले. जुन्या गिरणीत नवा धंदा थाटताना बाहेर पडायच्या वाटा आणि अग्निशमनाची व्यवस्था यांकडे काणाडोळा झाला की काय होते, ते तिथे दिसले. आपल्याला तर मुंबईकडे पाहायचीही गरज नाही. १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रस्ता एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत ८ जणांचा जीव गेला. सूत आणि कापूस जिथे आहे तिथे आग दबा धरून बसलेली असते. दोन बाजूंना बाहेर पडायच्या वाटा, पाण्याची टाकी, तपासलेली वायरिंग आणि आत कोणी राहायचे नाही, एवढे झाल्याशिवाय एकाही गाळ्याची किल्ली देऊ नये.

अडचणी मला ठाऊक आहेत. बंद गिरणीच्या जागेवर बँकांचा, अवसायकाचा, वारसांचा आणि कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा हक्क एकात एक गुंतलेला असतो. यात कामगारांचा हक्क पहिला, हे माझे ठाम मत आहे. मुंबईत १९९१ च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश वाटा घरांसाठी म्हाडाला आणि तेवढाच पालिकेला द्यायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने तो हिशेब फक्त मोकळ्या जमिनीपुरता उरला आणि वाटा केवढा आक्रसला, ते मुंबईकरांनी पाहिले. नियमातला एक शब्द लाखो चौरस फूट इकडचे तिकडे करतो. म्हणून सोलापुरात जे काही ठरेल ते जाहीर सभेत, कामगारांच्या वारसांसमोर ठरावे.

हे आपल्याला जमणार नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. वारदांचे इंद्रभुवन हा एका व्यापारी घराण्याचा वाडा. आज तिथे महापालिका आहे आणि अलीकडेच त्याचा जीर्णोद्धारही झाला. कोचीत १८६७ च्या अ‍ॅस्पिनवॉल कंपनीच्या मिरी-काथ्याच्या वखारीत २०१२ पासून समकालीन कलेचा मोठा महोत्सव भरतो. अमेरिकेतल्या लोवेल शहराने १९७८ मध्ये आपल्या कापड गिरण्यांना राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळवून दिला. तिथे आजही जुने माग चालवून दाखवतात आणि पाहणाऱ्यांच्या हाती कानात घालायला बोळे देतात, इतका तो आवाज. आपल्याही एका शेडमध्ये पाच-सहा साचे चालू ठेवले, तर नातवाला कळेल की आजोबा घरी मोठ्याने का बोलायचे.

महापालिका आयुक्तांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे. शहरातल्या प्रत्येक रिकाम्या गिरणी शेडची, गोदामाची आणि कुलूपबंद व्यापारी संकुलाची यादी करा. मालक कोण, वाद कोणत्या न्यायालयात, बांधकामाची स्थिती काय, पाणी-वीज आहे का, हे तिच्यात लिहा आणि पुढच्या अर्थसंकल्पाआधी ती लोकांसमोर ठेवा. वाचकहो, तुमच्या गल्लीत अशी वास्तू असेल तर आपल्या नगरसेवकाला आजच तिचे नाव लेखी कळवा आणि त्या पत्राची पोच घ्या.