इद्दतीतलं वादळ



जून महिना तोंडावर आला की आमच्या कोकणात घराघरांत तीच लगबग सुरू होते. कौलं चाळायची, पडवीला झापं लावायची, लाकूडफाटा आत घ्यायचा. पूर्वी ही तयारी फक्त पावसासाठी असे. आता मात्र रेडिओवर ‘अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा’ एवढे शब्द आले की हातातलं काम थांबतं. ३ जून २०२० पासून हे असं आहे. त्या दिवशी ‘निसर्ग’ चक्रीवादळ दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर आलं. अटलांटिकमध्ये याला हरिकेन म्हणतात, पश्चिम पॅसिफिकमध्ये टायफून. नाव काही असो, छप्पर उडतं ते सारखंच.

त्या दिवसाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला आज आमच्याच घरातली एक गोष्ट सांगायची आहे. आमच्या सासूबाईंची, म्हणजे अम्मींची परवानगी घेऊनच सांगते.

त्या वर्षी शब-ए-बरातच्या दोन-तीन दिवस आधी माझे सासरे अल्लाहला प्यारे झाले. लॉकडाऊन कडक होता. जनाज्याला मोजकी माणसं. मोठा मुलगा, म्हणजे आमचे हे, कुवेतमध्ये अडकलेले. विमानं बंद. त्यांनी बापाचं शेवटचं दर्शन मोबाइलवर घेतलं. अम्मी इद्दतीत बसल्या. चार महिने दहा दिवस. रमजान आला तसा गेला, ईदही झाली. इद्दतीचे जवळपास दोन महिने झाले होते आणि अम्मींचे शव्वालचे सहा रोजे चालू होते, तेव्हा वादळाची खबर आली.

२ जूनला दुपारी सरपंच आणि तलाठी शाळेत आले. मुख्याध्यापक लॉकडाऊनमुळे त्यांच्या गावी होते, किल्ल्या माझ्याकडे होत्या. खाडीकाठची कच्ची घरं रात्रीपर्यंत रिकामी करायची आणि शाळेच्या स्लॅबच्या खोल्या उघडायच्या, असा निरोप होता. आमचं घर त्या यादीत होतं. भिंती मातीच्या, वर मंगलोरी कौलं, मागे बारा गुंठ्यांची नारळ-सुपारीची बाग आणि बागेच्या पलीकडे खाडी.

मी घरी येऊन सांगितलं. अम्मींनी तसबीह खाली ठेवली नाही. म्हणाल्या, “तुम्ही पोरांना घेऊन जा. मी नाय येत. मी इद्दतीत आहे.”

धाकट्या दिरांनी समजावलं. जावेनं रडून पाहिलं. कुवेतहून फोन आला. अम्मींचं एकच उत्तर, “अल्लाहनं लिहिलं असेल ते इथंच होईल.” पुढे आणखी एक वाक्य आलं आणि ते मला जास्त खरं वाटलं. “मियाँ जाऊन दोन महिने नाय झाले नि ही बाई शाळेत जाऊन चार लोकांत बसली, असं लोक बोलतील.”

भगिनींनो, मी बीएड केलेली बाई, दोन भाषा शिकवते, आणि मला त्या क्षणी अम्मींना काय उत्तर द्यावं ते कळेना. इद्दतीत काय करायचं नाही, हे मला पाठ होतं. रंगीत कपडे नाहीत, सुरमा नाही, अत्तर नाही, घराबाहेर पडायचं नाही. पण घरच पडायला आलं तर काय, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. मुलींना आपण मनाई शिकवतो, रुखसत शिकवत नाही. शरियतने दिलेली सवलत आपण मौलानांसाठी राखून ठेवतो आणि बायकांच्या वाट्याला फक्त भीती येते.

शेवटी इमामसाहेबांना फोन लावला. मशिदीत जमात बंद होती, तेही घरी बांधाबांधच करत होते. त्यांनी फोन स्पीकरवर ठेवायला सांगितला आणि अम्मींशी थेट बोलले. त्यांच्या बोलण्याचा मतलब मी माझ्या शब्दांत देते.

विधवेने पतीच्या घरातच इद्दत पुरी करावी, हा हुकूम खरा आहे. पैगंबर (स.) यांनी एका विधवा सहाबियांना तसंच सांगितलं होतं. पण फुकहांनी त्याच हुकमाच्या शेजारी सवलतही लिहून ठेवली आहे. घर कोसळण्याची भीती, पाण्यात बुडण्याची भीती, जिवाची भीती असेल तर तिने सुरक्षित ठिकाणी जावं. आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. शाफई फिकहच्या जुन्या किताबांत पडझड आणि बुडणं ही दोन कारणं नाव घेऊन दिली आहेत. हनफींकडेही मजबुरीत ही मुभा आहे. जवळात जवळची सुरक्षित जागा बघावी, तिथे इद्दतीचा अदब पाळावा, घर राहण्यासारखं असेल तेव्हा परत यावं. यात इद्दत तुटत नाही.

अम्मी गप्प ऐकत होत्या. मग इमामसाहेबांनी हजरत उमर (रजि.) यांची हकीकत सांगितली. शामकडे जाताना वाटेत त्यांना तिथे प्लेग पसरल्याची खबर मिळाली आणि ते परत फिरले. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारलं, अल्लाहच्या तकदीरीपासून पळता काय? उमर (रजि.) यांचं उत्तर असं होतं की एका तकदीरीकडून आपण दुसऱ्या तकदीरीकडेच जात आहोत, आणि दोन्ही अल्लाहच्याच.

फोन ठेवल्यावर अम्मी बराच वेळ बसून राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “मला लोकांचं नाय गं. त्यांच्या मयतीला चार माणसं नव्हती. आता घरात पण कोणी नको?”

तेव्हा मला समजलं. इद्दत हे एक कारण होतं. दुसरं कारण असं की ते घर हीच अब्बांची राहिलेली सोबत होती. त्यावर माझ्याकडे मसला नव्हता आणि दलीलही नव्हती. मी अब्बांचा चष्मा, टोपी आणि त्यांचं कुरआन शरीफ एका पिशवीत घातलं आणि ती पिशवी अम्मींच्या हातात दिली. त्या उठल्या.

मगरीबनंतर अंधारात आम्ही त्यांना शाळेत नेलं. पहिलीच्या वर्गात दोन चादरी बांधून बायकांसाठी आडोसा केला. शेजारच्या खोलीत कोळीवाड्यातली कुटुंबं होती, पलीकडे कुणबी वाडीतली. तोंडाला रुमाल, खिडक्या उघड्या, कोरोनाची भीती वेगळीच. कोणी काही बोललं नाही. उलट कोळीणकाकूंनी अम्मींना विचारलं, “सहरीला पाणी गरम करून देऊ का?” लोक काय म्हणतील, याचं हे उत्तर आम्हाला मिळालं.

सकाळी अकराच्या सुमारास वारा चढला. सुरुवातीला तो जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. पत्रे कागदासारखे जात होते. माडांचे शेंडे एका बाजूला वाकलेले ते सरळ होत नव्हते. मुलं बाकांखाली. अम्मी पडद्याआड दुआ करत होत्या. पैगंबर (स.) वारा सुटला की त्याच्यातली भलाई मागत आणि त्याच्या बुराईपासून पनाह मागत, ती दुआ त्यांना तोंडपाठ आहे.

दुपारी अचानक सगळं थांबलं. आमचे दीर उठले, “थांबलं वाटतं. मी घर बघून येतो.” दाराशी एक बुजुर्ग बसले होते, सारी उमर जहाजावर काढलेले. त्यांनी हात धरून खाली बसवलं. म्हणाले, “थांबलं नाही. आपण त्याच्या पोटात आहोत. आता उलटा येईल.”

तसंच झालं. आपल्या गोलार्धात चक्रीवादळातला वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. मध्यभागी, म्हणजे ‘डोळ्यात’, तो मंद असतो. डोळा डोक्यावरून पुढे सरकला की वारा विरुद्ध दिशेने येतो. आधी एका बाजूने खिळखिळी झालेली झाडं आणि घरं दुसऱ्या बाजूच्या माराने पडतात. शांतता पाहून बाहेर पडलेला माणूस नेमका त्यात सापडतो. मी भूगोलात हा धडा कितीदा वाचला होता, पण हात धरला तो जहाजावरच्या माणसाने.

संध्याकाळी आम्ही घराकडे गेलो. वाट ओळखू येईना. बागेत सुपाऱ्या मधोमध मोडून पडलेल्या, अकरा नारळ मुळासकट आडवे. छपराची निम्मी कौलं गेलेली. पण अम्मींच्या खोलीच्या भिंती उभ्या होत्या आणि त्यांचा पलंगही जागच्या जागी होता. त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “बघ, उगीच हलवलंत मला.” त्या खोलीच्या दारावर एक माड आडवा पडला होता, हेही मी सांगितलं. तरी पुढचे काही दिवस त्या तेच म्हणत राहिल्या.

इमामसाहेब भेटले तेव्हा मी हे बोलले. ते म्हणाले, “रुखसत भीतीवर मिळते, निकालावर नाही. भिंत पडली असती तरी निर्णय बरोबर होता, उभी राहिली तरी बरोबरच.” हे वाक्य मी तेव्हापासून जपून ठेवलं आहे. आपल्या घरांत किती निर्णय केवळ निकालावरून तोलले जातात! मुलाला दवाखान्यात नेलं आणि काही निघालं नाही, तर ‘उगीच पैसे गेले’. सावध माणसाला नंतर हसायचं, ही आपली सवय.

चार रात्री अम्मी शाळेतच होत्या. घरावर ताडपत्री चढली तेव्हा त्या परतल्या आणि बकरी ईदनंतर दीड-दोन आठवड्यांनी त्यांची इद्दत त्याच घरात पूर्ण झाली. वीज येईपर्यंत आठवडे गेले. पंप बंद, म्हणून विहिरीवर पुन्हा रहाट बसवला. मोबाइलला रेंज नाही, कुवेतला खबर पोहोचायला पाच दिवस लागले. ते पाच दिवस आमच्या यांनी कसे काढले असतील, ते त्यांनी अजून मला सांगितलेलं नाही.

मग पंचनामा आला आणि नवी अडचण उभी राहिली. घर आणि बाग दोन्ही अब्बांच्या नावावर. वारस नोंद झालेली नव्हती. दुःखात आणि लॉकडाऊनमध्ये कोणाला सुचणार? मृत्यूचा दाखला काढा, वारसांचा अर्ज द्या, फेरफार होऊ द्या, एक वारस कुवेतमध्ये, त्याचं संमतीपत्र आणा, असं महिनोन् महिने चाललं. सरकारने बागांची भरपाई हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार केली होती. पण आमच्या भागात कोणाकडे हेक्टर आहे? बारा गुंठ्यांचे त्या हिशोबाने सुमारे सहा हजार होतात. सुपारीचं रोप लावल्यापासून उत्पन्न हाती यायला सहा-सात वर्षं लागतात, हे त्या हिशोबात कुठेच बसत नाही.

म्हणून माझ्या भगिनींना आणि बांधवांनाही काही गोष्टी कळकळीने सांगते.

घरात मयत झाली की चाळीस दिवसांच्या आत दाखला आणि वारस नोंदीचा अर्ज करून टाका. हे दुनियादारीचं काम नाही, विधवेचा आणि यतीमांचा हक्क राखण्याचं काम आहे. वारसांत बायको, मुली, आई यांची नावं आलीच पाहिजेत.

सात-बारा, घरपट्टीची पावती, पासबुक, रेशन कार्ड, आधार, पासपोर्टच्या नकला आणि महिनाभराची औषधं प्लॅस्टिकच्या एका पिशवीत घालून दाराजवळ ठेवा. परदेशात असलेल्या माणसाला दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका नातेवाइकाचा नंबर देऊन ठेवा. गावाचा टॉवर पडला तरी तिथून खबर जाईल.

आणि मुलींना दीन शिकवताना हुकमाबरोबर रुखसतही शिकवा. आजारात रोजा, प्रवासात नमाज, संकटात इद्दत. पावसापाण्याच्या रात्री पैगंबर (स.) यांच्या मुअज्जिनने लोकांना आपापल्या घरीच नमाज पढायला सांगितल्याची रिवायत आहे. ज्या दीनने अजानच्या वेळीही माणसाची अडचण ओळखली, तो दीन एका म्हाताऱ्या विधवेला कोसळत्या घरात बसायला सांगेल काय?

पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये, रमजान ईद होऊन दोन-चार दिवस होतात तोच ‘तौक्ते’ वादळ किनाऱ्याजवळून गेलं. या वेळी कोणाला फोन करावा लागला नाही. मी शाळेच्या किल्ल्या शोधत होते आणि अम्मी पडवीत तयार बसल्या होत्या. मांडीवर तीच पिशवी. मला म्हणाल्या, “चल की. वारा तुझ्यासाठी थांबणार आहे काय?”

अल्लाह आपल्या सर्वांना आपल्या हिफाजतीत ठेवो. आमीन.