नाव वेगळं, औषध तेच?

परवा सकाळी आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी आल्या, त्या पिशवीत औषधाच्या दोन बाटल्या घेऊनच. कणीक भिजवायच्या आधी त्यांनी त्या ओट्यावर ठेवल्या आणि म्हणाल्या, ‘‘ताई, जरा वाचून सांगा बरं. ही डॉक्टरांच्या शेजारच्या मेडिकलमधली, ही आमच्या कोपऱ्यावरची. कोपऱ्यावरचा म्हणाला, मावशी, औषध तेच आहे, नाव तेवढं वेगळं, अन् तीस रुपयांनी स्वस्त. म्हणून घेतली. काल दुपारपासून नातवाला जुलाब लागलेत. सून म्हणते, तुम्ही स्वस्तातलं आणलंत म्हणून झालं.’’

शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज बसला. जुलाबापेक्षा तो टोमणाच त्यांना जास्त लागला होता.

नातू तीन वर्षांचा. कान फुटला होता, म्हणून डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं होतं. पावडरची बाटली, त्यात पाणी घालून हलवायची आणि सकाळ-संध्याकाळ पाच मिली द्यायचं. तीस मिलीची बाटली तीन दिवसांत संपली, म्हणून दुसरी आणली. मी चष्मा लावला आणि दोन्ही बाटल्या उजेडात धरल्या. औषध खरंच तेच होतं. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्हुलॅनिक अॅसिड. कोपऱ्यावरचा खोटं बोलला नव्हता. पण पहिल्या बाटलीवर पाच मिलीला २२८.५ मिलिग्रॅम असं छापलं होतं आणि दुसरीवर ४५७. म्हणजे बरोब्बर दुप्पट! माप तेच, झाकण तेच, चमचा तोच. आणि पोराच्या पोटात औषध जात होतं दुप्पट.

चिठ्ठीवर डॉक्टरांचा नंबर होता. लगेच फोन लावला. त्यांनी मुलाचं वजन विचारलं, हिशेब केला आणि नव्या बाटलीतलं औषध निम्म्या मापानं द्यायला सांगितलं. जुलाबासाठी ओआरएस आणि लक्ष ठेवायला. ‘‘या औषधानं एरवीही काही मुलांचं पोट बिघडतं, दुप्पट डोसावर जास्त,’’ असंही म्हणाले. नशीब, या वेळी जिवावरचं काही नव्हतं. पण दर वेळी नशिबावर हवाला ठेवायचा का?

मैत्रिणींनो, हे सगळं सांगायचं कारण असं की, जेनेरिक औषधांचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, स्वस्त म्हणजे भेसळ, आपण आपलं डॉक्टरांनी लिहिलेलंच घ्यावं. दुसरा म्हणतो, सगळं सारखंच असतं, कंपन्या लुटतात, द्या कुठलंही. मावशींच्या ओट्यावरच्या दोन बाटल्यांनी दोघांनाही खोटं ठरवलं. चूक स्वस्तपणाची नव्हती. आणि ‘सारखंच’ म्हणणंही खरं नव्हतं. चूक होती ती न वाचता बदलण्याची.

स्वस्त औषधाची थट्टा करणाऱ्यांनी एकदा मेडिकलच्या काउंटरशी पाच मिनिटं उभं राहून पाहावं. ‘‘पाच दिवसांच्या लिहिल्यात, पण आत्ता दोनच दिवसांच्या द्या, बरं वाटलं की बघू,’’ हे वाक्य ऐकू येतंच. आणि ते म्हणणारी बहुतेक वेळा बाई असते, अन् औषध तिचं स्वतःचं असतं. मुलाचा कोर्स ती पदरमोड करून पुरा करते, नवऱ्याचा आठवण देऊन पुरा करते. स्वतःच्या लघवीच्या जळजळीवरच्या गोळ्या मात्र दोन दिवसांत बंद. उरलेल्या चार डब्यात, पुढच्या वेळेसाठी! अर्धवट घेतलेल्या अँटिबायोटिकनं आजार दबतो, पण पुरता जात नाही, आणि उरलेल्या जंतूंना त्या औषधाची ओळख होते. पुढच्या खेपेला तेच औषध चालेनासं होतं. हल्ली काही आजारांत डॉक्टर स्वतःच कमी दिवसांचा कोर्स देतात, ते वेगळं. किती दिवस ते त्यांनी ठरवायचं, आपल्या पाकिटातल्या पैशांनी नाही. म्हणूनच मला वाटतं, निम्म्या किमतीत पूर्ण कोर्स मिळत असेल तर तो घ्यावा. जरूर घ्यावा. फक्त डोळे उघडे ठेवून.

म्हणजे काय करायचं? चिठ्ठीवरचं ब्रँडचं नाव बाजूला ठेवा आणि बॉक्सवर छापलेलं औषधाचं मूळ नाव शोधा. ते ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात छापायचा नियम २०१८ साली आला, त्यामुळे आता शोधणं तितकं अवघड राहिलेलं नाही. मूळ नाव पूर्ण जुळलं पाहिजे. नुसतं ‘अमॉक्सिसिलिन’ आणि ‘अमॉक्सिसिलिन अधिक क्लॅव्हुलॅनिक अॅसिड’ ही दोन वेगळी औषधं आहेत. नावापुढच्या शेपटांकडेही बघा. सीव्ही, एलबी, डीटी ही अक्षरं शोभेची नसतात. सीव्ही म्हणजे सोबत क्लॅव्हुलॅनिक अॅसिड, एलबी म्हणजे सोबत पोटासाठीचे जिवाणू, डीटी म्हणजे पाण्यात विरघळवून द्यायची गोळी.

मग आकडा बघा. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. ६२५ची गोळी म्हणजे ५०० अमॉक्सिसिलिन आणि १२५ क्लॅव्हुलॅनिक अॅसिड. ३७५ची गोळी म्हणजे २५० आणि १२५. ‘‘६२५ नाहीये, ३७५च्या दोन घ्या,’’ असं कुणी म्हणालं तर गणित करून बघा. अमॉक्सिसिलिन ५०० झालं खरं, पण क्लॅव्हुलॅनिक अॅसिड दुप्पट झालं, आणि पोट बिघडवतं ते मुख्यतः तेच. लहान मुलांच्या औषधात पाच मिलीला किती मिलिग्रॅम, हा आकडा तर पाठच करून टाका. बाटली बदलली की आधी तोच वाचायचा.

गोळी साधी की दिवसभर हळूहळू विरघळणारी, हेही तेच हवं. आणि जुनं-नवं एकत्र घ्यायचं नाही. नावं वेगळी म्हणून ‘दोन्ही थोडी थोडी’ घेणारी माणसं मी पाहिली आहेत. दोन डॉक्टरांनी दोन नावांनी एकच औषध लिहिलेलं असतं आणि घरात दोन्ही सुरू असतं!

ज्यांना पेनिसिलिनची अॅलर्जी आहे, त्यांनी तर ब्रँडच्या नावावर अजिबात विसंबू नये. अमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्याच घराण्यातलं, पण बॉक्सवरच्या गोंडस नावातून ते कळत नाही. ‘मला त्या लाल गोळीची अॅलर्जी आहे’ हे सांगून उपयोग नाही. लाल गोळ्या शंभर असतात. औषधाचं मूळ नाव कागदावर लिहून तो कागद पर्समध्ये ठेवा.

आता थोडं आपल्या सवयींबद्दल. मेडिकलवाला कात्रीनं सहा गोळ्या कापून देतो, आणि नाव-तारखेचा तुकडा त्याच्याकडेच राहतो. अशी नाव नसलेली गोळी घ्यायची नाही. तारीख आणि बॅच नंबर असलेला भाग मागून घ्या, आणि बिलही घ्या. क्लॅव्हुलॅनिक अॅसिडला ओल सोसत नाही. तेव्हा आठवड्याच्या गोळ्या आधीच सोलून डबीत भरायची आपली टापटीप इथे नको. पाणी घातलेली बाटली फ्रिजमध्ये, आणि सात दिवसांनी उरलेलं औषध टाकून द्यायचं. ‘असू दे, पुढच्या वेळी होईल’ म्हणायचं नाही. स्ट्रिपवर उभी लाल रेष दिसली की समजायचं, हे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं औषध नव्हे.

पण हे सगळं बाईनंच का करावं, असं कुणी विचारेल. बरोबर आहे. काउंटरवर उभ्या असलेल्या, सातवीपर्यंत शिकलेल्या मावशींनी मिलिग्रॅमचा हिशेब करावा, ही अपेक्षाच मुळात चुकीची. कायदा त्यांच्या बाजूनं आहे. चिठ्ठीवर ब्रँडचं नाव लिहिलेलं असेल, तर अशा औषधाच्या जागी दुकानदारानं परस्पर दुसरं देऊ नये, असा औषध नियमावलीत नियमच आहे. बदल सुचवायला हरकत नाही, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातात ठेवायचं नाही. दुसरीकडे, डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव लिहावं, तेही स्वच्छ आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरात, असं वैद्यक परिषदेनं २०१६ सालीच सांगितलं. २०२३च्या ऑगस्टमध्ये नव्या आयोगानं हेच आणखी कडक शब्दांत मांडलं, डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला आणि त्याच महिन्यात ते नियम स्थगित झाले.

डॉक्टरांचा विरोध निव्वळ हट्ट आहे, असं मी म्हणणार नाही. ‘औषधाच्या दर्जाची खात्री कोण देणार?’ हा त्यांचा प्रश्न खरा आहे. दुसऱ्या कंपनीची गोळी रक्तात तितकीच आणि तितक्याच वेगानं उतरते का, याची चाचणी असते. ज्या औषधांचं विरघळणं अवघड, त्यांच्या पोटात घ्यायच्या गोळ्यांच्या परवान्यासाठी ती सक्तीची झाली २०१७ साली. त्याआधी परवाना मिळालेल्या कितीतरी गोळ्या बाजारात आहेत. नागपूर जिल्ह्यात सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांत औषधच नसल्याचं २०२४ साली उघड झालं, तेव्हा कुणाच्याही पोटात गोळा आला असेल. पण केंद्रीय औषध नियंत्रण खातं दर महिन्याला निकृष्ट औषधांची यादी प्रसिद्ध करतं, तिच्यात नामवंत ब्रँडही सापडतात. महाग नाव म्हणजे खात्री, असंही नाही.

मग आपण खात्री कशी करायची? ओळखीचं, परवाना लावलेलं दुकान, पक्कं बिल. जनऔषधी केंद्रं २००८ साली सुरू झाली, आज ती देशभरात दहा हजारांहून जास्त आहेत. तिथे नावाचा घोळ कमी, कारण औषधं मूळ नावानंच मिळतात. एरवी ‘जेनेरिक’ म्हणून दिलेल्या स्ट्रिपवर छापील किंमत भरमसाट असते आणि नफा मधल्याचा, तेही बघा. ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या तीनशे ब्रँडवर क्यूआर कोड आला आहे; मोबाइलवर तपासून बघायला मुलाला सांगा, एरवी तो मोबाइलवर असतोच! औषध बदलल्यावर दोन-तीन दिवसांत ताप उतरला नाही, अंगावर पित्त उठलं, धाप लागली, तर थांबायचं नाही. डॉक्टरांना फोन करायचा आणि कुठल्या कंपनीचं औषध घेतलं तेही सांगायचं. औषधाचा त्रास झाला तर १८०० १८० ३०२४ या सरकारी नंबरवर आपणही कळवू शकतो. आणि क्षयरोग असो, की दवाखान्यात भरती असताना सुरू केलेलं औषध असो, तिथे विचारल्याशिवाय काहीही बदलायचं नाही.

मावशींच्या सुनेला मी संध्याकाळी फोन केला. म्हटलं, ‘‘अगं, सासूबाईंनी आणलेलं औषध चांगलंच होतं. माप सांगायचं काम दुकानदाराचं होतं, ते त्यानं केलं नाही.’’ पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाली, ‘‘ताई, मला तरी कुठे माहीत होतं?’’

खरं आहे. तिलाही कुणी सांगितलेलं नव्हतं. म्हणून पुढच्या वेळी दवाखान्यातून उठायच्या आधी एवढंच विचारा : ‘‘डॉक्टर, यातलं स्वस्त कुठलं चालेल? औषधाचं नाव आणि आकडा लिहून द्या.’’ विचारायला संकोच वाटतो, हे मला ठाऊक आहे. पण भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालणाऱ्या आपण, इथेच का गप्प बसतो?