गावी निघण्याआधी टँकचा थर्मामीटर तपासा

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत ज्यांच्या घरी फिश टँक आहे, त्या सगळ्यांना ही कळकळीची विनंती. ती याच आठवड्यात मनावर घ्या. परीक्षा संपत आल्या, कोकणची आणि घाटावरची तिकिटं निघाली. आठ-पंधरा दिवस फ्लॅट बंद राहणार. खिडक्या लावलेल्या, पंखे बंद, आणि शेवटच्या मजल्यावर असाल तर वर दिवसभर तापणारा स्लॅब. शेजारच्या काकू रोज येऊन दाणे टाकतील आणि फोनवर सांगतील, "अठ्ठावीस दाखवतोय हो, काळजी करू नका." पण तो अठ्ठावीस खरा आहे का, हे आपल्यापैकी बहुतेकांनी थर्मामीटर आणल्यापासून कधी पाहिलेलंच नसतं.

टँकमधली काचेची नळी ही स्वस्तातली वस्तू. अनेक नळ्यांच्या आत आकडे छापलेली कागदाची पट्टी नुसती सरकवलेली असते. ती जागची हलली की सगळेच आकडे चुकतात, आणि बाहेरून काही कळत नाही. कधी आतली लाल रेषा मध्येच तुटलेली असते. काचेवर बाहेरून चिकटवायची, रंग बदलणारी पट्टी पाण्याइतकीच खोलीच्या हवेचीही खबर देते. मी तर ती शोभेची वस्तू मानतो. डिजिटल बरा, पण बटण सेल उतरत आला की त्याचाही भरवसा नाही.

दोन-तीन अंशांनी काय बिघडतं, असं कुणी विचारेल. गप्पी, मॉली, एंजल २४ ते २८ अंशांत खूश असतात. गोल्डफिशला त्याहून गार पाणी लागतं, आणि मुलं हट्टाने आणतात तो नेमका तोच. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो: २५ अंशांना लिटरमागे साधारण सव्वाआठ मिलीग्रॅम, ३२ अंशांना सव्वासात. आणि नेमका त्याच वेळी माशाला तो जास्त लागतो. विष्ठेतून आणि कुजलेल्या दाण्यांतून होणारा अमोनियाही तापलेल्या पाण्यात अधिक घातक ठरतो. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. काकूंना वाटतं, भूक लागली बिचाऱ्यांना. त्या आणखी दाणे टाकतात.

तपासायला बाजारात जावं लागत नाही. तापाचा डिजिटल थर्मामीटर बहुतेक घरांत असतो आणि टँकच्या नळीपेक्षा तो कितीतरी अचूक असतो. तो साधारण ३२ अंशांच्या खाली नुसतं 'लो' दाखवतो, म्हणून टँकमध्ये बुडवून उपयोग नाही. थर्मासमध्ये स्वच्छ कोमट पाणी घ्या, हाताला जरा गरम लागेल इतपत. टँकचा थर्मामीटर त्यात चार-पाच मिनिटं राहू द्या. मग पाणी ढवळून तापाच्या थर्मामीटरचं टोक बुडवा, बीप वाजली की लगेच दोन्ही आकडे वाचा. फॅरनहाइटमध्ये १००.४ म्हणजे ३८ अंश सेल्सिअस, ९८.६ म्हणजे ३७. कोरोनात घेतलेली, कपाळावर धरायची बंदूक मात्र इथे चालणार नाही. ती अंगाच्या तापाचा अंदाज सांगण्यासाठी जुळवलेली असते. पाऱ्याचा थर्मामीटर टँकच्या आसपासही नेऊ नका.

पट्टीवर शून्य असेल तर दुसरी परीक्षाही घ्या. पेला बर्फाच्या चुऱ्याने गच्च भरा, थोडं पाणी घाला, ढवळा, पाच मिनिटं थांबा. शून्य दिसायला हवं. गरम पाण्यातली नळी लगेच बर्फात घालू नका, तडकेल. दोन्हीकडे सारखाच फरक आला तर पट्टी सरकली आहे. तेवढा फरक मार्करने टँकच्या काचेवर लिहा: 'दाखवतो २८, खरे ३०'. दोन्हीकडे वेगवेगळा आला तर थर्मामीटर फेकून द्या.

आकडा कळला की बाकीचं सोपं आहे. मे महिन्यात हीटरचा प्लग काढूनच ठेवा. त्याचा थर्मोस्टॅट चिकटला तर तो बंदच होत नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर टेबलफॅनचा वारा लागू द्या, वर जाळी टाका. पाण्यात एकदम बर्फ ओतू नका. दुपारी पाणी बदलू नका, कारण गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीतून येणारं पाणी तेव्हा टँकपेक्षाही गरम असतं. सकाळी लवकर बदला. आणि खरा आकडा ३० च्या वर गेला तर दाणे बंद करून फोन करायचा, हे काकूंना चिठ्ठीवर लिहून द्या.

मासे विकणाऱ्या दुकानदारांनो, तपासलेला एक थर्मामीटर काउंटरवर ठेवा आणि गिऱ्हाइकाला नवा देताना त्याच्याशी ताडून द्या. यात दोन मिनिटं जातात. ठाण्याचं बांदोडकर, कल्याणचं बिर्ला, डोंबिवलीचं पेंढरकर या महाविद्यालयांच्या विज्ञान विभागांनाही हात जोडून सांगणं आहे: प्रयोगशाळेतला चांगला थर्मामीटर आणि बर्फ घेऊन एका रविवारी सकाळी दार उघडं ठेवा, लोक आपापल्या नळ्या घेऊन येतील. सोसायट्यांच्या सचिवांनी ती तारीख फलकावर लावावी. हे एप्रिल संपायच्या आत व्हायला हवं.